समलिंगी म्हणून कॅनडात आश्रय मागताना: फाइल कुठे टिकते, कुठे तुटते

प्रश्न असा आहे. ब्रॅम्प्टनच्या गोदामात तुमच्यासोबत काम करणारा युगांडाचा मित्र समलिंगी आहे. स्टडी परमिटवर येऊन त्याला आठ महिने झाले. मागे कंपालात त्याच्या जोडीदाराला पोलिसांनी उचललं, फोन जप्त केला, आणि त्या फोनमध्ये दोघांचे फोटो आहेत. त्याने इथे आश्रय मागावा का, कसा मागावा, आणि ‘मी गे आहे’ हे सिद्ध तरी कसं करायचं? जोडीला दुसरा प्रश्न: तुमच्या नात्यातली पुण्याची एक मुलगी तीन वर्षांपासून ओंटारिओत आहे. तिला मुली आवडतात, आणि घरच्यांनी लग्नाचा तगादा लावलाय. तिलाही हाच रस्ता आहे का?

मित्राच्या बाबतीत उत्तर हो, आणि लवकर. मुलीच्या बाबतीत थांबा, शेवटी सविस्तर लिहिलंय.

कायद्याचा पाया आधी दोन ओळींत. 1993 च्या वॉर्ड खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्वासिताच्या व्याख्येतल्या ‘विशिष्ट सामाजिक गट’ या शब्दांचा अर्थ लावला, आणि लैंगिक कल त्यात बसतो हे तेव्हापासून वादात नाही. आजचा कायदा 2002 पासूनचा, त्यातलं कलम 96 इथे लागतं. परत गेल्यावर छळ होईलच असं दाखवावं लागत नाही. छळाची ‘गंभीर शक्यता’ पुरते, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या खालीही चालतं. पण तुम्ही सांगता त्या घटना घडल्या का, आणि तुम्ही समलिंगी आहात का, हे मात्र ‘असण्याची शक्यता जास्त’ या मापाने तोललं जातं. बहुतेक लोक ही दोन मापं एकत्र करतात आणि मग सगळी ताकद देशातल्या परिस्थितीवर खर्च करतात. युगांडात काय चाललंय हे निर्णय देणाऱ्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाला, म्हणजे आयआरबीला, माहीत आहे. मे 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी सही केलेल्या कायद्यात समलिंगी संबंधांना जन्मठेप आहे, आणि ‘गंभीर’ ठरवलेल्या प्रकारांना मृत्युदंड. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यातली काही कलमं काढली, उदाहरणार्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पोलिसांना कळवण्याची सक्ती, पण जन्मठेप आणि मृत्युदंड तसेच राहिले. त्याआधीही इंग्रजांच्या काळातलं, आपल्या 377 च्या जातकुळीतलं कलम होतंच. त्यामुळे युगांडाच्या फाइलमध्ये लढाई देशाबद्दल नसते, ‘हा माणूस खरंच समलिंगी आहे का’ एवढ्या एका प्रश्नावर असते.

आता घड्याळ. जून 2025 मध्ये सरकारने संसदेत मांडलेल्या विधेयकात, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मांडलेल्या त्याच्या दुसऱ्या रूपात, एक वर्षाची तरतूद आहे. 24 जून 2020 नंतर जो पहिल्यांदा कॅनडात आला, त्याने त्या पहिल्या प्रवेशापासून वर्षभरानंतर केलेला क्लेम, म्हणजे आश्रयाचा अर्ज, बोर्डाकडे जात नाही. मधे देशाबाहेर जाऊन आलात तरी वर्ष नव्याने मोजत नाहीत. 3 जून 2025 पासूनच्या क्लेमना ती मागच्या तारखेने लावायची असं त्यातच लिहिलंय. ज्यांची वाट अशी बंद होते त्यांना फक्त पीआरआरए, म्हणजे हकालपट्टीआधीची जोखीम-तपासणी, मिळते, आणि तिथे निर्णय बोर्डाचा मेंबर नाही, इमिग्रेशन खात्यातला अधिकारी देतो. तुमच्या मित्राकडे चार महिने आहेत. ही तरतूद आपल्याला लागते का आणि वर्ष कधी संपतं, हाच प्रश्न त्याने वकिलाकडे पहिल्या भेटीत आधी विचारावा, आणि पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का सोबत न्यावा.

आणखी दोन दारं आहेत, जिथे क्लेम आत जाण्याआधीच अडतो. त्याने आधी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला असेल तर 2019 पासून इथला क्लेम बोर्डाकडे जात नाही. आणि तो अमेरिकेतून जमिनीवरच्या सीमेने आला असेल तर सेफ थर्ड कंट्री करार लागतो, म्हणजे आधी पोचलेल्या सुरक्षित देशातच आश्रय मागावा असा अमेरिका-कॅनडामधला करार. 25 मार्च 2023 पासून तो अधिकृत नाक्यांपुरता राहिला नाही, पूर्ण सीमेला लागू झाला, आणि नाक्याशिवाय शिरलेल्याने 14 दिवसांच्या आत क्लेम केला तरी परत पाठवतात. स्टडी परमिट घेऊन विमानाने थेट आलेल्याला हा करार लागत नाही.

देशात असलेल्या माणसाने क्लेम ऑनलाइन पोर्टलवर करायचा असतो, आणि त्याच्यासोबतच बेसिस ऑफ क्लेम फॉर्म, ज्याला सगळे बीओसी म्हणतात, अपलोड करायचा असतो. विमानतळावर किंवा नाक्यावर क्लेम करणाऱ्याला बीओसी नंतर द्यायला मुदत मिळते. मूळ नियमात ती 15 दिवसांची आहे, अधूनमधून वाढवलेली असते, म्हणून हातात दिलेल्या कागदावरची तारीख तीच खरी धरायची. आत असलेल्याचा फायदा हा की घाई नसते, आधी हकिगत नीट लिहून मग बटण दाबता येतं. क्लेमची फी नाही. बायोमेट्रिक्स होतात, पासपोर्ट अधिकारी ठेवून घेतात, वैद्यकीय तपासणी नेमलेल्या डॉक्टरकडे 30 दिवसांत करायची असते आणि तिचा खर्च सरकारी आरोग्य योजनेतून होतो. एचआयव्ही निघाला तर क्लेम बुडतो ही अफवा आहे. निर्वासितांना वैद्यकीय खर्चाच्या कारणाने नाकारता येत नाही. वर्क परमिट त्याच अर्जात मागायचं, तपासणी झाल्यावर ते मिळतं. एक गोष्ट आधी समजून घ्यावी: क्लेम स्वीकारताना सशर्त डिपार्चर ऑर्डर, म्हणजे देश सोडायचा आदेश, निघते. क्लेम चालू असेपर्यंत ती झोपलेली असते. सगळं हरल्यावर ती जागी होते, आणि मग 30 दिवसांत देश सोडला नाही तर तिचं डिपोर्टेशनमध्ये रूपांतर होतं. हे कळल्यावर काही जण घाबरून माघार घेतात. युगांडाच्या माणसाने घाबरू नये, पण ज्याचा क्लेम मुळात कच्चा आहे त्याने नक्की घाबरावं.

आता मुद्द्याचं: हकिगत. बीओसीमधले प्रश्न साधे दिसतात. काय त्रास झाला, परत गेलात तर काय होईल आणि कोण करेल, पोलिसांकडे गेलात का, देशात दुसरीकडे राहून पाहिलंत का, तेव्हाच का निघालात. उत्तर बहुतेक वेळा क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत, चार ते सहा पानांत बसतं. माल्डोनाडो खटल्याच्या निकालापासून तत्त्व असं आहे की शपथेवर सांगितलेलं खरं मानायचं, शंकेला कारण असेल तेव्हाच नाही. म्हणजे हकिगत हाच पहिला पुरावा आहे, बाकी कागद तिला टेकू देतात.

कच्ची हकिगत अशी असते: ‘लहानपणापासून मी वेगळा आहे हे मला माहीत होतं. समाजाने मला स्वीकारलं नाही. माझ्या जिवाला धोका आहे.’ यात खोटं काहीच नाही, पण हे कुणीही लिहू शकतं, आणि एजंट तेच विकतात. भरलेली हकिगत अशी: ‘बोर्डिंग शाळेत सीनियर थ्रीला असताना वर्गातल्या एका मुलाशी जवळीक झाली. रात्रीचा प्रेप संपला की आम्ही पाण्याच्या टाकीमागे भेटायचो. दुसऱ्या टर्मला तो माझ्याशी बोलेनासा झाला, कारण त्याच्या भावाने आमची चिठ्ठी वाचली होती. त्यानंतर तीन वर्षं मी कुणाच्या जवळ गेलो नाही. चर्चमध्ये पास्टर या विषयावर बोलायला लागले की मी बाहेर जायचो.’ फरक अलंकारांचा नाही. दुसऱ्या परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्यावर मेंबर पुढचा प्रश्न विचारू शकतो, आणि खऱ्या माणसाकडे त्याचं उत्तर असतं.

मनात काय चाललं होतं ते लिहायला लोक विसरतात. पुरुष विशेषतः मारहाण तपशिलात लिहितात आणि प्रेम एका ओळीत उरकतात. सुनावणीत मात्र निम्मे प्रश्न नात्याबद्दल असतात: कुठे भेटलात, आधी कोण बोललं, त्याला काय खायला आवडायचं, भांडण कशावरून व्हायचं, लपवण्यासाठी काय करायचात, लोकांना काय सांगायचात. शारीरिक संबंधांचं वर्णन लिहायचं नाही, तसं विचारलंही जाऊ नये. आयआरबीची या विषयावरची अध्यक्षीय मार्गदर्शिका, क्रमांक 9, मे 2017 पासून आहे आणि डिसेंबर 2021 मध्ये सुधारली. तिच्यात साचेबद्ध कल्पनांवर निर्णय देऊ नये असं स्पष्ट आहे. टोरांटोच्या गे वस्तीत, चर्च स्ट्रीटवरच्या बारमध्ये कधी गेला नाही, बोलण्या-चालण्यात ‘तसा’ वाटत नाही, आधी लग्न झालं होतं, मुलं आहेत, देवधर्म करतो, यातलं काहीही समलिंगी नसल्याचा पुरावा नाही.

तारखांबद्दल एकच नियम: जे नक्की आठवतं ते नक्की, जे आठवत नाही ते अंदाजे. ‘2021 च्या ख्रिसमसआधी एकदोन आठवडे’ हे ‘14 डिसेंबर 2021’ पेक्षा मजबूत आहे, जर 14 तारीख कुणीतरी फॉर्म पूर्ण दिसावा म्हणून घातली असेल. चुकीची नेमकी तारीख पुढे सहा ठिकाणी आडवी येते.

यातून सर्वात मोठ्या दुखण्यावर येतो, विसंगती. मेंबरसमोर फक्त बीओसी नसतो. व्हिसाचा मूळ अर्ज असतो, क्लेमच्या वेळचे फॉर्म असतात, अधिकाऱ्याने मुलाखतीत घेतलेल्या नोंदी असतात, कधी सोशल मीडिया असतो. बायोमेट्रिक्स मित्रदेशांकडे तपासले जातात, म्हणून अमेरिकेने पूर्वी नाकारलेला व्हिसाही दिसतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. व्हिसा अर्जात एजंटने ‘विवाहित’ लिहिलं असेल, पहिल्या मुलाखतीत माणसाने भीतीपोटी खरं कारण टाळलं असेल, फेसबुकवर घरच्यांना दाखवायला मैत्रिणीसोबतचे फोटो असतील, तर ते हकिगतीतच सांगून टाकायचं: काय लिहिलं, कुणी लिहिलं, का. स्वतःहून सांगितलेली विसंगती स्पष्टीकरण ठरते. मेंबरने शोधून काढली तर त्याच गोष्टीला लपवाछपवी म्हणतात.

‘आठ महिने गप्प का बसलात?’ हा प्रश्न येणारच. उशीर एकट्याने क्लेम बुडवत नाही, पण भीती खरी होती का यावर सावली पाडतो. तुमच्या मित्राचं उत्तर मजबूत आहे: त्याच्याकडे वैध परमिट होतं, परत पाठवलं जाण्याचा धोका नव्हता, आणि अटक व फोनजप्ती तो इथे आल्यानंतर झाली. देश सोडल्यानंतर निर्माण झालेल्या धोक्यावरही क्लेम होतो. पण अटकेची बातमी त्याला कधी, कुणाकडून, कशावर कळली हे स्क्रीनशॉटसकट आत्ताच जपून ठेवायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर आज रात्रीच बंद करा.

कागदपत्रं. ओळखीचा पुरावा सर्वांत आधी, पासपोर्ट, जन्मदाखला, राष्ट्रीय ओळखपत्र. तो नसेल तर मिळवायला काय प्रयत्न केले ते तरी दाखवावं लागतं. नात्याचा पुरावा म्हणजे चारशे पानांचं चॅट नव्हे. वेगवेगळ्या महिन्यांतली पंधरा-वीस पानं, नंबर आणि तारीख दिसेल अशी, आणि परभाषेतल्या मजकुराचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर अनुवादकाच्या घोषणापत्रासह. उघडेनागडे फोटो किंवा व्हिडिओ अजिबात देऊ नका. युरोपियन न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये असले ‘पुरावे’ माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध म्हणून नाकारले, आणि इथेही त्यांनी काही साधत नाही. डेटिंग अ‍ॅपचं प्रोफाइल हा दुबळा पुरावा, कारण ते पाच मिनिटांत कुणीही काढतं.

गावाकडून आणलेल्या पत्रांत नेहमी एकच घोटाळा होतो: पाच पत्रं, पाच सह्या, एकच टाइपिंग आणि एकच ‘टू हूम इट मे कन्सर्न’. पत्र लिहिणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत, तो कोण, कसा ओळखतो, स्वतः काय पाहिलं आणि काय फक्त ऐकलं, हे वेगळं करून लिहावं. ओळखपत्राची प्रत आणि ज्या ईमेलने किंवा पाकिटाने पत्र आलं ते जोडावं. जोडीदार अजून कोठडीत किंवा लपलेला असेल तर त्याच्यावर पत्रासाठी दबाव आणू नका. त्याच्याकडून पत्र का नाही, हे एका वाक्यात सांगितलं की पुरतं.

इथल्या संस्थांच्या पत्रांबद्दलही लोकांचे गैरसमज आहेत. टोरांटोत ‘द 519’ आहे, मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च आहे, दक्षिण आशियाईंसाठी एएसएएपी (अलायन्स फॉर साउथ एशियन एड्स प्रिव्हेन्शन) आहे. मॉन्ट्रियलला एजीआयआर, व्हँकुव्हरला रेनबो रेफ्युजी. तिथे जायचं ते माणसं भेटतात, वकिलाचं नाव मिळतं, राहायच्या जागेची माहिती मिळते म्हणून. ‘अमुक तारखेपासून आमच्या बैठकींना येतो’ एवढंच सांगणाऱ्या पत्राला मेंबर फार वजन देत नाही, आणि क्लेमच्या आदल्या आठवड्यात घेतलेल्या सदस्यत्वाला तर उलटाच वास येतो. त्यापेक्षा तुमचं पत्र कामाचं आहे. तुम्हाला त्याने कधी सांगितलं, कुठे, काय शब्दांत, अटकेची बातमी आली तेव्हा तो कामावर कसा होता. त्याचा स्वभाव चांगला आहे, मेहनती आहे, हे लिहून कागद वाया घालवू नका. स्वतःच्या ओळखपत्राची प्रत जोडा आणि साक्षीला तयार आहात असं लिहा.

मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल समलिंगी असल्याचा दाखला म्हणून कधीच मागू नये, तसा दाखला अस्तित्वात नाही. आठवण तुटक असणं, प्रश्नांना गोठून जाणं, झोप नसणं याबद्दल तो बोलत असेल तर उपयोगी, आणि त्यावरून सुनावणीत मधे विश्रांती, प्रश्नांचा क्रम बदलणं, विशिष्ट लिंगाचा मेंबर अशा सवलती मागता येतात.

देशाच्या परिस्थितीसाठी बातम्यांची कात्रणं भरून फाइल फुगवू नका. बोर्डाचा स्वतःचा राष्ट्रीय दस्तऐवज संच संकेतस्थळावर असतो आणि त्यात लैंगिक कल व लिंगभाव यांचा स्वतंत्र विभाग आहे. तो वाचा, त्यातले परिच्छेद दाखवा, आणि फक्त जे त्यात नाही तेच जोडा.

मुदती पाळल्या नाहीत म्हणून चांगल्या फाइली अडतात. पुरावे, साक्षीदारांची माहिती आणि बीओसीमधले बदल, तिन्ही सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी बोर्डाकडे पोचायला हवेत. बदल अधोरेखित करून, सही-तारीख घालून द्यायचे. दुरुस्ती करण्यात कमीपणा नाही, पण सुनावणीच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आलेली मोठी घटना ‘आधी का नाही लिहिली?’ हा प्रश्न सोबत घेऊनच येते. आणि पत्ता बदलला की लगेच कळवा. तळघरात देशबांधवांसोबत राहणाऱ्याला आणखी एक काळजी असते: बोर्डाचं पाकीट रूममेटने उघडलं तर? म्हणून टपालाचा पत्ता वेगळा द्यावा, वकील असेल तर पत्रव्यवहार त्याच्याकडून ठेवावा.

दुभाषी फुकट मिळतो, फॉर्मवर भाषा आणि बोली नीट लिहायची, बदल हवा तर तोही 10 दिवस आधी. आपल्या समाजातला दुभाषी आला तर गावभर होईल, ही भीती सगळ्यांनाच असते. सुनावणी कायद्यानेच बंद दाराआड होते, दुभाष्यावर गोपनीयतेचं बंधन असतं, आणि मायदेशाच्या सरकारला काही कळवलं जात नाही. तरीही मन धजत नसेल तर दुसरी भाषा निवडता येते. मराठीतून बोलणाऱ्यांनी एका शब्दावर विशेष लक्ष ठेवावं: ‘मैत्रीण’. मुलगी म्हणते, ‘ती माझी मैत्रीण होती’, दुभाषी म्हणतो ‘फ्रेंड’, आणि बीओसीमध्ये ‘पार्टनर’ लिहिलेलं असतं. झाली विसंगती. तसंच ‘घरच्यांनी लग्न ठरवलं’ याचं ‘अरेंज्ड मॅरेज’ होतं, आणि इंग्रजी कानाला त्यात जबरदस्ती ऐकूच येत नाही. ‘मी नाही म्हटलं, तरी ठरवलं, फोन काढून घेतला, कडी लावली’, असं कृतीने सांगावं. ‘प्रेमसंबंध’ म्हणायला जीभ अडते म्हणून ‘आमचं तसं होतं’ म्हणू नये. भाषांतरात ‘तसं’चं काहीच उरत नाही.

सुनावणी बहुधा ऑनलाइन, साधारण अर्ध्या दिवसाची. बंद खोली हवी. रूममेट पलीकडे बसलेला असताना कुणी मोकळेपणी बोलू शकत नाही, म्हणून वकिलाच्या ऑफिसात बसा किंवा प्रत्यक्ष सुनावणी मागा. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणा. आठवत नसेल तर आठवत नाही. पाठ केलेली हकिगत ओळखू येते, विशेषतः जेव्हा उत्तर प्रश्नाच्या आधी सुरू होतं.

नकार आला तर अपील विभागाकडे 15 दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि तिथे नवा पुरावा सहसा तोच चालतो जो आधीच्या निर्णयानंतर निर्माण झाला किंवा आधी मिळणं शक्यच नव्हतं. त्यामुळे ‘आत्ता थोडं देऊ, बाकी अपिलात’ हा हिशेब चुकतो. क्लेमला विश्वासार्ह आधारच नाही असा शेरा निर्णयात आला तर अपिलाचा हक्कच जातो. तयार हकिगत विकणाऱ्या, परवाना नसलेल्या सल्लागारांकडे गेलेल्यांच्या कपाळी हा शेरा येतो. तो सल्लागार फॉर्मवर स्वतःचं नाव कधीच घालत नाही, एवढी एक खूण पुरेशी आहे. ओंटारिओत लीगल एडकडून निर्वासितांना वकिलाचा खर्च भागवणारं प्रमाणपत्र मिळू शकतं, आधी तिथे फोन करा.

आता पुण्याची मुलगी. भारतात 6 सप्टेंबर 2018 पासून प्रौढांचे संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारला, पण लग्न न करता येणं म्हणजे निर्वासित कायद्यातला छळ नव्हे. ‘लोक काय म्हणतील’ही नव्हे. घरी कोंडणं, मारहाण, जबरदस्तीचं लग्न, ‘सुधारण्यासाठी’ बलात्कार किंवा बाबाबुवांचे उपचार, हा छळ आहे, आणि लेस्बियन स्त्रियांच्या बाबतीत तो रस्त्यावर नाही, घरातच होतो. पोलीस डायरीत त्याची नोंद नसते. मार्गदर्शिका 9 हे मान्य करते.

पण भारतीय क्लेम बहुतेक वेळा पडतात ते ‘देशांतर्गत पर्याया’वर. रासरत्नम खटल्याच्या निकालाने दोन प्रश्न ठरवून दिलेत: दुसऱ्या शहरात गंभीर धोका आहे का, आणि तिथे राहणं या व्यक्तीसाठी वाजवी आहे का. मेंबर शहरांची नावं घेऊन विचारतो, मुंबई, दिल्ली, कोलकाता, बेंगळुरू. शिकलेली, इंग्रजी येणारी, नोकरी करू शकणारी पुण्याची मुलगी मुंबईत का राहू शकत नाही? तिथे लपून राहा असं सांगता येत नाही, हे खरं. पण घरचे तिथे तिला शोधून काढतील, हे तिलाच दाखवावं लागतं, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: शोधायची इच्छा आणि शोधायची ताकद. वडील पोलिसांत किंवा राजकारणात, याआधी बेंगळुरूच्या हॉस्टेलवर काका येऊन घेऊन गेले, हरवल्याची तक्रार देऊन पोलिसांकरवी परत आणलं, असं काही घडलेलं असेल तर फाइल उभी राहते. भाडेकरू पडताळणी आणि पोलिसांची सीसीटीएनएस संगणक यंत्रणा यांवर अशा क्लेममध्ये बराच युक्तिवाद होतो, पण कागदोपत्री गुन्हा नसलेल्या मुलीला त्या यंत्रणेतून घरचे कसे गाठतील, हा दुवा बहुतेक जण रिकामा सोडतात. मदुराईहून पळून चेन्नईत आलेल्या दोन मुलींच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये पोलिसांना अशा जोडप्यांचा छळ न करण्याचे निर्देश दिले. तो निकाल दुधारी आहे. पोलीस घरच्यांच्या बाजूने येतात याचा पुरावा म्हणून तुम्ही दाखवाल, न्यायालय संरक्षण देतं याचा पुरावा म्हणून समोरून दाखवला जाईल.

शिवाय ती तीन वर्षं इथे आहे, म्हणजे एक वर्षाच्या तरतुदीत सरळ सापडते. क्लेम करून तो नाकारला गेला तर मानवतेच्या आधारावर कायम वास्तव्य मागायच्या अर्जालाही सहसा 12 महिने बंदी लागते. म्हणून तिने आधी आपलं स्टेटस टिकवणारे साधे मार्ग तपासावेत: पदवीनंतरचं वर्क परमिट, कायम वास्तव्याचे कामाधारित मार्ग, आणि इथे जोडीदार असेल तर वर्षभर एकत्र राहिल्यावरची कॉमन-लॉ, म्हणजे लग्नाशिवायच्या जोडीदाराची, स्पॉन्सरशिप. घरी परत बोलावून लग्न लावायचा डाव असेल तर भारतात जाऊच नये, आणि पासपोर्ट संपत आला असेल तर नूतनीकरण आत्ताच करून घ्यावं. क्लेम केल्यानंतर हेच नूतनीकरण तिच्याविरुद्ध बोलेल.

तेच तुमच्या मित्रालाही लागू आहे, आणि मंजुरीनंतर जास्तच. त्याआधी एक कुटुंबाची गोष्ट. घरच्यांच्या समाधानासाठी केलेलं लग्न, त्यातली मुलं, जे कुणी असतील ते प्रत्येक फॉर्मवर लिहायचे. लाजेने वगळलेलं मूल पुढे सहसा स्पॉन्सर करता येत नाही. आणि कंपालातल्या जोडीदाराचं नावही लिहायचं. एकत्र राहिले नाहीत म्हणून तो ‘कुणी नाही’ ठरत नाही: छळाच्या किंवा शिक्षेच्या भीतीमुळे एकत्र राहता आलं नाही, पण नातं किमान वर्षभराचं आहे, अशांना इमिग्रेशनचे नियम कॉमन-लॉ जोडीदारच मानतात. हे वाक्य वकिलाला आठवण करून द्यावं लागलं तर द्या.

कायम वास्तव्य मिळालं तरी युगांडाचा पासपोर्ट नूतनीकरण करून त्यावर घरी जाणं म्हणजे पुन्हा त्या देशाच्या संरक्षणाखाली जाणं. 2012 पासून त्यावरून निर्वासित दर्जासोबत कायम वास्तव्यही काढून घेता येतं, आणि आईच्या अंत्यविधीला गेलो होतो हे कारण कितीही खरं असलं तरी धोका टळत नाही. नागरिकत्व मिळेपर्यंत निर्वासितांचं कॅनेडियन प्रवासपत्र वापरावं. त्यावर मायदेश सोडून इतरत्र जाता येतं, व्हिसा मात्र प्रत्येक देशाचा वेगळा पाहावा लागतो. आईला भेटायचं असेल तर किगालीत भेटावं. रवांडात समलिंगी असणं गुन्हा नाही, आणि कंपालाहून तिथे बस जाते.